स्टेम सेलची पिशवी चढण्याआधी

स्टेम सेल प्रत्यारोपण म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांपुढे ऑपरेशन थिएटर येतं. मल्टिपल मायलोमासारख्या रक्ताच्या कर्करोगात मात्र रुग्णाच्याच गोठवून ठेवलेल्या पेशी रक्त चढवावं तशा शिरेतून देतात आणि ते काम फार वेळ चालत नाही. कर्करोगावर खरा वार होतो तो त्याआधी दिलेल्या मेल्फालान या औषधाचा. त्याची मात्रा साधारणपणे शरीराच्या दर चौरस मीटर पृष्ठभागाला २०० मिलिग्रॅम, म्हणजे भलतीच मोठी असते. त्यात रोगट पेशींबरोबर अस्थिमज्जाही होरपळते. चढवलेल्या पेशी रुजून नवं रक्त तयार होईपर्यंतचे दोनेक आठवडे रुग्ण जवळपास निःशस्त्र असतो. हे दिवस कसे जातील, हे बऱ्याच अंशी आधीच्या महिन्यांत ठरतं. म्हणून तयारीला उपचारच मानलं पाहिजे आणि औषधाला लावतो तीच पुराव्याची कसोटी तिलाही लावली पाहिजे.

दातांचंच पाहा. किडलेल्या दाढेच्या मुळाशी साचलेला पू एरवी महिनोन्‌महिने गप्प राहतो, कारण न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी तिथल्या जंतूंना रोखून धरतात. रक्ताच्या दर मायक्रोलिटरमध्ये त्या ५००च्या खाली गेल्या की तेच जंतू रक्तात शिरून जिवावर बेततात. मायलोमात आणखी एक पेच आहे. हाडं टिकावीत म्हणून अनेकांना झोलेड्रोनिक ॲसिड दिलं जातं. ते चालू असताना दात काढला, तर जखम न भरता जबड्याचं हाड मरण्याचा धोका असतो. त्यामुळे दंतवैद्याकडे पहिली फेरी हे इंजेक्शन सुरू होण्याआधीच व्हायला हवी. पेशी गोळा करण्याचंही तसंच. लेनालिडोमाइड दीर्घकाळ घेतल्यावर रक्तात पुरेशा स्टेम सेल उतरणं अवघड होतं, आणि शरीराच्या दर किलो वजनामागे किमान वीस लाख पेशी तर लागतातच. प्रत्यारोपणाचं नंतर बघू, असं म्हणत राहिलं की ही वेळ निसटते.

सगळ्यात स्वस्त उपाय बर्फाचा. मेल्फालान चढण्याच्या थोडं आधीपासून ते संपल्यानंतरही काही वेळ रुग्णाने बर्फाचे खडे तोंडात घोळवत ठेवायचे. गारठ्याने तोंडातल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि तिथल्या नाजूक अस्तरापर्यंत औषध कमी पोहोचतं. मेल्फालान रक्तातून काही तासांतच ओसरतं, म्हणून एवढं संरक्षण पुरतं. तोंड सोलवटून निघण्याचं प्रमाण यामुळे घटतं, हे चाचण्यांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. दात आंबतात, जीभ बधिर होते, मध्येच नको वाटतं. पण पुढे गिळताही न येणारे दिवस टळत असतील, तर हा त्रास सोसायला हरकत नाही.

आहाराच्या निर्बंधांमागचा पुरावा मात्र इतका भक्कम नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयात १९८३ साली भारतातलं पहिलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालं, त्या काळात कच्चं फळ, कोशिंबीर वर्ज्य हा नियम जगभर रूढ होता. तर्क सरळ होता: जंतू पोटातून शिरतात, तर अन्न निर्जंतुक करा. इटलीत दोनशेवर रुग्णांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, धुतलेली फळं-भाज्या खाणाऱ्यांमध्ये संसर्ग वाढलेला आढळला नाही. इटलीचं पाणी आणि आपलं पाणी एक नव्हे, हा आक्षेप रास्त आहे, आणि या प्रश्नाचा कायमचा निकालही अजून लागलेला नाही. म्हणून आपल्याकडे उकळलेलं पाणी, ताजा गरम स्वयंपाक आणि उघड्यावरचं काहीही न खाणं हे कटाक्षाने पाळावंच. पण धास्तीपोटी दही-फळांपासून खिचडीपर्यंत सगळंच बंद करत गेलं, तर रुग्णाचं वजन प्रत्यारोपणाआधीच उतरतं, आणि त्या अशक्तपणाची किंमत नंतर मोजावी लागते. एखादा पदार्थ बंद करण्याआधी आपल्या केंद्रातल्या आहारतज्ज्ञांना विचारावं.

आजारी माणसाला कशाला चालायला लावायचं, असं घरचे मायेने म्हणतात. जर्मनीत दुसऱ्याच्या पेशी घेणाऱ्या रुग्णांवरच्या एका चाचणीत, दाखल होण्याआधीपासून बेतानं व्यायाम करणाऱ्यांना थकवा कमी जाणवला. मायलोमात हाडं ठिसूळ होतात, त्यामुळे वजन उचलणं किंवा वाकणं डॉक्टरांना विचारूनच. रोजचं चालणं बहुतेकांना जमतं. प्रत्यारोपणाची वेळ येणाऱ्या हॉजकिन लिम्फोमा या दुसऱ्या रक्ताच्या कर्करोगाच्या तरुण रुग्णांसमोर तर आणखी एक प्रश्न असतो, आणि आपल्याकडे तो संकोचाने दाबला जातो. मोठ्या मात्रेच्या केमोनंतर मूल होण्याची शक्यता अनेकदा मावळते. आधी जीव वाचू दे, मुलाबाळांचं मग पाहू, ही घरच्यांची भावना समजण्यासारखी आहे. पण वीर्य गोठवायला एक-दोन दिवस पुरतात, स्त्रीबीजांसाठी साधारण दोन आठवडे लागतात, आणि पहिल्या केमोच्या आधी एवढा अवधी बहुतेक वेळा काढता येतो. डॉक्टरांनी विषय काढला नाही, तर रुग्णाने पहिल्याच भेटीत तो काढावा. लग्न झालेलं नसलं तरीही.