डावखुऱ्यांची कोंडी

क्रिकेटवर वाढलेल्या कुठल्याही मराठी माणसाला २०२३ च्या आधीची बेसबॉलची मॅच दाखवा. डावखुरा फलंदाज उभा आहे, मैदानाची डावी बाजू जवळजवळ ओस आणि क्षेत्ररक्षकांची गर्दी उजवीकडे. पहिल्या पाच मिनिटांत तो विचारणार, ‘‘मग हा तिकडे का नाही मारत?’’ मुलाकडे डॅलसला जायला लागल्यावर हेच विचारून मी घरच्यांना वीट आणला होता. उमेदीची वर्षं शिवाजी पार्कवर स्कोअरबुक लिहिण्यात गेली. रिकामी जागा दिसली की माझा जीव तळमळतो.

उत्तर मैदानाच्या रचनेत आहे. बेसबॉलमध्ये चेंडू काटकोनातल्या दोन रेषांच्या आतच मारावा लागतो. आपला लेट कट, लेग ग्लान्स तिथे फाउल. डावखुऱ्याने जोरात बॅट फिरवली की चेंडू त्याच्या लेगला, म्हणजे उजवीकडे जातो. जमिनीवरून सरपटणारा तर बहुतेकदा तिकडेच, कारण बॅट लवकर आलेली असते आणि मनगटं वळलेली. फर्स्ट बेसही उजवीकडेच. त्यामुळे एखादा इनफिल्डर, म्हणजे बेसजवळचा क्षेत्ररक्षक, मागे पार गवतात जाऊन उभा राहिला तरी चालतं. चेंडू अडवून त्याने छोटासा थ्रो केला की ९० फूट धावणारा फलंदाज आउट. उजव्या फलंदाजाला इतक्या सहज कोंडता येत नाही. डाव्या बाजूने फर्स्ट बेसपर्यंतचा थ्रो लांबचा, आणि फर्स्ट बेसजवळ कुणाला तरी थांबावंच लागतं. म्हणून या ‘शिफ्ट’चा, म्हणजे क्षेत्ररक्षक एका बाजूला हलवण्याचा, खरा मार डावखुऱ्यांनी खाल्ला.

आता राहिलं ‘तिकडे मारणं’. साडेसाठ फुटांवरून ताशी दीडशे किलोमीटरने येणारा चेंडू फलंदाजापर्यंत पोचायला अर्धा सेकंदही धड लागत नाही. टप्पा नाही, बॅट गोल. शिवाय पिचरला शिफ्ट ठाऊक असते. तो चेंडू अंगाजवळ टाकतो, म्हणजे मारला तरी उजवीकडेच जावा. उरतो बंट, नुसती बॅट आडवी धरून चेंडू हळूच टेकवणं. पण होमरनसाठी ज्याला पगार मिळतो त्याने बंट केला, तर सगळ्यात जास्त आनंद प्रतिस्पर्ध्याला होतो.

शिफ्टचा गाजलेला किस्सा १४ जुलै १९४६ चा, बॉस्टनमधला. त्या दिवशी लागोपाठ दोन सामने होते. पहिल्यात बॉस्टनच्या टेड विल्यम्सने तीन होमरन मारून आठ धावा आणल्या. क्लीव्हलँडचा खेळाडू-व्यवस्थापक लू बूद्रो याने स्वतः चार डबल आणि एक होमरन मारूनही संघ ११-१० हरला. दुसऱ्या सामन्यात त्याने विल्यम्ससाठी जवळजवळ सगळी फौज उजवीकडे हलवली. डावीकडे फक्त लेफ्ट फिल्डर. विल्यम्स हट्टी. तो बहुतेक वेळा भिंतीवरच डोकं आपटत राहिला. पण १३ सप्टेंबरला क्लीव्हलँडमध्ये, बूद्रोच्याच संघाविरुद्ध, त्याने डावीकडच्या मोकळ्या रानात चेंडू उडवला आणि धावत सगळे बेस पुरे केले. बॉस्टन १-० जिंकलं. त्याच्या कारकिर्दीतला असा धावून काढलेला हा एकमेव होमरन. पुढे वर्ल्ड सिरीजमध्ये सेंट लुईसनेही शिफ्ट लावली आणि त्याला २५ प्रयत्नांत पाचच हिट मिळाल्या. कोपराला आदल्या आठवड्यात चेंडू लागला होता, हेही सांगायला हवं.

नंतर शिफ्ट कित्येक वर्षं मोजक्या दादा लोकांपुरती होती. जो मॅडनच्या टँपा बे संघाने ती रोजची केली, संगणकाने प्रत्येक फलंदाजाचा नकाशा हाती दिला, आणि साध्यासुध्या डावखुऱ्यांचीही नाकेबंदी झाली. फलंदाजांनी काय करावं? जमिनीवरून वाट नाही तर वरून, असं म्हणत चेंडू उचलायला सुरुवात केली. होमरन वाढले, स्ट्राइकआउटही, म्हणजे फटका न मारताच बाद होणं, वाढले. माझी तक्रार इथे आहे. शिफ्टने हिट हिरावल्या त्या हिरावल्याच, पण फलंदाजाचा स्वभावही बिघडवला.

२०२३ पासून नियम आला: सेकंड बेसच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इनफिल्डर, चौघांचेही पाय इनफिल्डच्या हद्दीत. बॉडीलाइनची आठवण असलेल्या क्रिकेटने लेगला स्क्वेअरच्या मागे दोनच माणसं ठेवायची मुभा दिली, त्याच जातीचा हा कायदा. आमच्या टेक्सास रेंजर्सच्या डावखुऱ्या कोरी सीगरची सरासरी (प्रयत्नामागे हिट) २०२२ च्या ०.२४५ वरून ०.३२७ वर गेली. होमरन दोन्ही वर्षी तेहतीसच. घरात जल्लोष. सगळ्या लीगची सरासरी मात्र ०.२४३ वरून ०.२४८ झाली आणि २०२४ मध्ये परत ०.२४३. म्हणजे चोर दुसराच होता: पिचरचा वेग. चेंडूला बॅटच लागत नसेल तर क्षेत्ररक्षक कुठेही उभे करा. जोई गॅलोचंच बघा. शिफ्टने गांजलेल्यांमध्ये त्याचं नाव कायम घेतलं जायचं. २०२३ च्या सराव सामन्यात बॉस्टनने त्याच्यासाठी लेफ्ट फिल्डरच उजवीकडे आणून उभा केला, कारण नियम फक्त इनफिल्डरांना लागू. त्या मोसमात त्याची सरासरी ०.१७७, आणि दहातल्या चाराहून अधिक वेळा तो स्ट्राइकआउट झाला.