'थांबव' म्हणण्याआधी

स्वतःला इजा करून घेणारी मुलं मनोविकारतज्ज्ञाकडे क्वचितच आपणहून येतात. बहुतेकांना आणलं जातं. आणणाऱ्या आईवडिलांची मागणी एकच असते : "डॉक्टर, एवढं हिचं थांबवा." पूर्वी डॉक्टरांनाही तीच घाई असे. 'पुन्हा करणार नाही' असं लिहून घ्यायचं, धाक घालायचा, नाहीतर वॉर्डात ठेवायचं. गेल्या काही दशकांत या क्षेत्राला जे उमगलं त्याचं सार हे, की थांबवण्याआधी एक प्रश्न विचारावा लागतो : या कृतीतून या माणसाला मिळतं काय?

प्रश्न तसा जुना आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातले मनोविकारतज्ज्ञ कार्ल मेनिंजर यांनी १९३८ साली 'मॅन अगेन्स्ट हिमसेल्फ' या पुस्तकात लिहिलं, की पूर्ण नाश टाळण्यासाठी माणूस कधी कधी स्वतःचा थोडा नाश पत्करतो. मरणाकडे नेणारी वाटणारी कृती काही वेळा तगून राहण्याची धडपड असते, हे त्यांनी ओळखलं होतं. तरी पुढे बराच काळ दवाखान्यांत तिच्याकडे बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकाराचं एक लक्षण म्हणूनच पाहिलं गेलं. २०१३ मध्ये आलेल्या 'डीएसएम-५' या अमेरिकी निदानसंहितेने आत्महत्येचा हेतू नसलेली इजा वेगळी नोंदवली, तीही 'अधिक अभ्यास हवा' या यादीत. हे वर्तन किती पसरलेलं आहे? अनेक देशांतल्या पाहण्या एकत्र करून २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार सुमारे १७ टक्के किशोरवयीनांनी आयुष्यात एकदा तरी असं केलेलं होतं. ही मुलं शाळाकॉलेजांतली होती, मनोरुग्णालयांतली नव्हे.

मिळतं काय, याचं नेमकं उत्तर २००४ मध्ये मॅथ्यू नॉक आणि मिचेल प्रिन्स्टीन यांच्या अभ्यासातून पुढे आलं. त्यांनी या वर्तनाची चार कार्यं मांडली. असह्य घालमेल क्षणभर ओसरते. बधिर झालेल्या मनाला काहीतरी जाणवतं, किंवा स्वतःला शिक्षा दिल्यासारखं वाटतं. तिसरं, नकोशा प्रसंगातून सुटका होते. आणि चौथं, शब्दांत सांगता न आलेलं दुःख कुणापर्यंत तरी पोचतं. अभ्यासांत सर्वाधिक वेळा आढळतं ते पहिलं कारण. 'लक्ष वेधून घ्यायची नाटकं' हा शेरा म्हणूनच बहुतेकदा चुकतो; कित्येक जण ही गोष्ट वर्षानुवर्षं लपवून ठेवतात. समजा, कुणी खरंच लक्ष वेधून घेत असेल, तर एवढी किंमत मोजल्याशिवाय त्याच्याकडे लक्ष का जात नाही, हे विचारायला हवं.

या समजुतीचं उपचारात रूपांतर करण्याचं मोठं श्रेय मार्शा लिनहान यांचं. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या या मानसशास्त्रज्ञांनी 'डायलेक्टिकल बिहेव्हिअर थेरपी', म्हणजे डीबीटी, विकसित केली. १९९१ मध्ये तिच्या पहिल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षभर डीबीटी घेतलेल्या स्त्रियांमध्ये इजेचे प्रसंग आणि रुग्णालयातले दिवस नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा कमी भरले. या उपचाराचे चार पाय आहेत : आठवड्याला वैयक्तिक सत्र, कौशल्यं शिकवणारा गट, अडीअडचणीला फोनवर मार्गदर्शन आणि थेरपिस्टांना एकमेकांचा आधार देणारी बैठक. गटात सजगता, त्रास सोसण्याची रीत, भावनांचं नियमन आणि नात्यांमध्ये आपलं म्हणणं मांडणं शिकवलं जातं. इजा झालीच, तर पुढच्या सत्रात त्या दिवसाचा एकेक दुवा तपासतात : झोप झाली होती का, कोण काय बोललं, मनात काय आलं, कुठल्या वळणावर वेगळं काही करता आलं असतं. उलटतपासणीचा सूर इथे चालत नाही.

'तुला असं वाटणं समजण्यासारखं आहे' आणि 'तरीही तुला बदलावं लागेल' ही दोन्ही वाक्यं एकाच दमात म्हणण्यात डीबीटीचं मर्म आहे. एक नियम कठोर वाटेल : इजा केल्यावर २४ तास थेरपिस्ट फोनवर नेहमीचं मार्गदर्शन करत नाही, जिवाला धोका असेल तर अर्थातच अपवाद. फोन इजेच्या आधी यावा, हा त्यामागचा विचार. या उपचारामागे स्वानुभवही होता. २०११ मध्ये लिनहान यांनी जाहीरपणे सांगितलं, की सतराव्या वर्षी, १९६१ मध्ये, हार्टफर्डच्या मनोरुग्णालयात त्या स्वतः दाखल होत्या. स्वतःला इजा करत होत्या, आणि तिथले औषधांचे, विजेच्या झटक्यांचे, एकांतकोठडीचे उपाय निरुपयोगी ठरले होते.

इंग्लंडच्या 'नाइस' संस्थेने सप्टेंबर २०२२ मध्ये दिलेली मार्गदर्शक तत्त्वं आज या विषयातला महत्त्वाचा दस्तऐवज आहेत. त्यांत इजेमागे आत्महत्येचा हेतू होता की नव्हता, यावर व्याख्या अडवलेली नाही. एकाच माणसाचा हेतू एका आठवड्यात बदलू शकतो, आणि इजा करणारे बहुसंख्य लोक आत्महत्या करत नसले तरी त्यांचा पुढचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो. पण तो धोका गुणांकाची प्रश्नावली भरून 'कमी, मध्यम, जास्त' असा ठरवू नका, असं ही तत्त्वं बजावतात. ब्रिटनमध्ये आत्महत्या केलेल्या बहुतेक मनोरुग्णांची शेवटच्या भेटीत 'तातडीचा धोका कमी' अशीच नोंद होती. त्यामुळे गरजा, ताण, नाती आणि बळस्थानं समजून घेणारी सविस्तर मुलाखत हवी. तीव्र भावनांशी झुंजणाऱ्या आणि वारंवार इजा करणाऱ्या मुलांसाठी डीबीटीचा किशोरांसाठीचा अवतार, मोठ्यांसाठी 'कॉग्निटिव्ह बिहेव्हिअर थेरपी'वर (सीबीटी) आधारलेले उपचार सुचवलेले आहेत. केवळ इजा थांबवण्यासाठी औषध देऊ नका. सोबतच्या नैराश्यावर मात्र उपचार करा. आणि शिक्षा म्हणून काहीही करू नका.

आपल्याकडे ही वाट कायद्यापासून सुरू होते. आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं भारतीय दंड संहितेचं कलम ३०९ मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ मध्येच घटनाबाह्य ठरवलं होतं. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध मानलं. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ११५ ने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली आहे असं गृहीत धरायला सांगितलं आणि तिच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ३०९ सारखं कलमच नाही. तरी कॅज्युअल्टीत 'एमएलसी होईल', म्हणजे मेडिको-लीगल केस होऊन पोलिसांपर्यंत जाईल, ही धास्ती आजही नातेवाइकांना 'जिन्यावरून पडली' असं सांगायला लावते. खरं कारण कागदावर येत नाही, आणि टाके घालून मुलगी घरी जाते. मनापर्यंत कुणी पोचतच नाही.

दुसरी अडचण माणसांची. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) बहुतेक मानसिक आजारांमध्ये उपचारांपासून वंचित राहणाऱ्यांचं प्रमाण ७० टक्क्यांहून अधिक आढळलं. डीबीटीचं प्रशिक्षण घेतलेला चमू मोठ्या शहरांतही सहज मिळत नाही, तालुक्याची तर गोष्टच सोडा. पण गोव्यातल्या 'संगाथ' संस्थेच्या कामाने दाखवून दिलं, की नीट प्रशिक्षण आणि देखरेख मिळाली तर पदवीधर तज्ज्ञ नसलेले स्थानिक समुपदेशकही नैराश्यावर परिणामकारक उपचार करू शकतात. इजेच्या बाबतीतही निदान पहिली पायरी अशा हातांत देता येईल.

ती पायरी महागडी नाही. दुखापतीवर इतर रुग्णांइतक्याच काळजीने उपचार करायचे. एकांतात, घरच्यांना बाहेर बसवून बोलायचं. मरणाचा विचार येतो का, हे सरळ विचारायचं. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. मग रुग्णासोबत सुरक्षा आराखडा लिहायचा : धोक्याच्या खुणा कोणत्या, स्वतःला कसं सावरायचं, कुणाला फोन करायचा, घरातल्या घातक वस्तू कोण दूर ठेवणार. शेतकऱ्याच्या घरात फवारणीची औषधं कुलपात जाणं हाही उपचाराचाच भाग. हेतू डळमळीत असला तरी साधन जीवघेणं असू शकतं. आणि पुढच्या भेटीची तारीख त्याच वेळी द्यायची.

घरच्यांनाही यातलं बरंच जमण्यासारखं आहे. शपथा घालणं, झडती घेणं, 'आमच्या तोंडाकडे तरी बघ' म्हणणं यांनी अपराधीपणा वाढतो, आणि अपराधीपणा हेच पुढच्या इजेचं निमित्त होऊ शकतं. सरकारची 'टेलि-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतूनही मिळते. स्वतः त्रासात असलेल्याने आणि त्याच्या माणसांनीही ती वापरावी. जिवाला धोका असेल तर थेट रुग्णालय गाठावं.

इजा थांबणं हे उद्दिष्ट आहेच. पण ती आज जे काम करते आहे, ते करणारं दुसरं काही हाती आल्याशिवाय ती सोडायला सांगणं म्हणजे बुडत्याच्या हातातली फळी काढून घेणं. उपचार करणाऱ्याने पर्याय घडवत जायचं, मधे पाय घसरला तर दार बंद करायचं नाही. यश मोजायचं ते किती दिवस इजा झाली नाही एवढ्यावरूनच नव्हे. असह्य वाटलं तेव्हा रुग्णाने आधी फोन उचलला का, यावरूनही.