एसएलआरची सोयरीक

एसएलआरच्या दस्त्याच्या बुडाशी, जिथे ती खांद्याला टेकते, तिथे एक छोटं झाकण असतं. अंगठ्याने उघडलं की आत तेलाची कुपी आणि नळी साफ करायची पुलथ्रूची दोरी. हे झाकण असलेली बट प्लेट मुळात एसएलआरची नाहीच. ती आली जुन्या थ्री नॉट थ्रीकडून. सासूची साडी सुनेने नेसावी तशी.

आमचा नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला. ही रायफल त्याहून तीसेक वर्षांनी थोरली. सेल्फ लोडिंग रायफल, कारखान्यातलं नाव वन-ए-वन. चाप ओढला की गोळी एकच सुटते. पण पुंगळी बाहेर फेकणं आणि पुढचं काडतूस नळीत सारणं, ही कामं गोळीमागचा वायू आणि बटातल्या एकात एक बसवलेल्या दोन स्प्रिंगा मिळून करतात. मॅगझिन २० राउंडचं.

१९६२ च्या युद्धात आपल्या जवानांच्या हाती दर गोळीला बोल्ट मागेपुढे करायला लावणारी थ्री नॉट थ्री होती. नवी रायफल घाईची झाली. बेल्जियमच्या एफएन कंपनीशी परवान्याची बोलणी जमेनात, तेव्हा पुण्यात पाषाणच्या एआरडीई या संशोधन संस्थेने बेल्जियन, ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन रायफली सुट्या करून पाहिल्या आणि त्यातून आपलं डिझाइन उभं केलं. बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात ती बनू लागली. कंपनीशी झालेली कुरबूर नंतर मिटली. रायफलीच्या अंगातली सरमिसळ मात्र कायमची राहिली.

सुट्या भागांचं दुखणं इथूनच सुरू होतं. बेल्जियन रायफल मिलिमीटरची, ब्रिटिश इंचाची आणि इशापूरची आपल्या तिसऱ्याच मापाची. तिघी शेजारी ठेवल्या तर सख्ख्या बहिणी वाटतील. पण एकीचा भाग दुसरीला बसेलच याचा भरवसा नाही. ब्रिटिश मॅगझिनच्या पुढच्या अंगाला जाड खुंटी जोडलेली असते, बेल्जियन मॅगझिनला नुसता उठाव. मिलिमीटरवालं इंचाच्या रायफलीत शिरतं पण डुगडुगतं. उलट बाजूने तर शिरतच नाही. गोत्र एक, म्हणून सोयरीक नाही, असाच हा प्रकार.

रायफली दुरुस्त करणाऱ्या आर्मररची खरी परीक्षा लॉकिंग शोल्डरपाशी. बॉडीत आडवी बसवलेली पोलादाची ही लहानशी कांडी. गोळी सुटते त्या क्षणी ब्रीच ब्लॉकची मागची कड खाली झुकून हिच्यावर टेकलेली असते आणि स्फोटाचा सगळा धक्का ही कांडी झेलते. हजारो राउंडनंतर ती झिजते, काडतुसामागची फट वाढते, पुंगळी ताणते आणि एखाद दिवशी फाटते. म्हणून गेज लावायचं. ‘गो’वर ब्लॉक बंद झाला पाहिजे, ‘नो-गो’वर होता कामा नये. झाला, तर शतांश मिलिमीटरच्या हिशेबाने जराशी जाड कांडी निवडायची. इथे ‘बसतंय ना, मग चालेल’ म्हणणारा माणूस कोतात, म्हणजे शस्त्रागारात, नको. स्प्रिंग किंवा पुंगळी ओढून काढणारा एक्स्ट्रॅक्टर बदलणं त्या मानाने सोपं काम.

दारूगोळ्याचा घोळ आकड्यांनी घातलाय. ७.६२ म्हटलं की काय समजायचं? एसएलआरचं काडतूस ७.६२ बाय ५१, एके-४७ चं ७.६२ बाय ३९. पहिला आकडा नळीचा, दुसरा पुंगळीच्या लांबीचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. थ्री नॉट थ्रीचा आकडा इंचाचा, आणि तिच्या पुंगळीला बुडाशी कडा. त्यात इशापूरनेच थ्री नॉट थ्रीच्या तोंडवळ्याची, पण ७.६२ बाय ५१ झाडणारी बोल्टची रायफल काढली. ती ओळखायची चौकोनी मॅगझिनवरून. माझ्या मते नुसतं ‘सेव्हन सिक्स टू’ असं लिहिलेल्या मागणीपत्रावर सहीच करू नये.

काडतूस मात्र आपल्या खानदेशातलंच. नंदुरबारहून रेल्वेने भुसावळला उतरलं की वरणगाव जवळच. तिथला कारखाना १९६४ चा. त्याआधीचा मान १८६९ पासूनच्या खडकीचा. खडकीची जुनी थ्री नॉट थ्रीची काडतुसं फोडली की आत शेवयांसारखा कॉर्डाइट दिसायचा. त्यांच्या टोपीतलं पोटॅशियम क्लोरेट जळून नळीत खार उरायचा. खार ओल ओढतो आणि नळी गंजते. तेलाने तो विरघळत नाही. म्हणून फायरिंगनंतर नळीतून उकळतं पाणी ओतायचं, मग चिंदी, मग तेल. धडगाव-तोरणमाळच्या पावसात हा क्रम चुकला की नळी गेलीच समजायची.

नंदुरबारमध्ये रायफलीवर लिहिताना ९ सप्टेंबर १९४२ ओलांडून जाता येत नाही. त्या दिवशी ‘चले जाव’ आंदोलनात याच गावात पोलिसांच्या गोळ्यांनी पंधरा वर्षांचा शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती गेले. शस्त्राची जन्मकथा रंगून सांगताना माझी लेखणी इथे अडखळते, आणि अडखळावी.

१९९० च्या दशकात ५.५६ ची इन्सास आली आणि सैन्यातून एसएलआर मागे सरू लागली, पोलिसांत टिकली. २०२१ मध्ये आयुध कारखान्यांच्या कंपन्या झाल्या, वरणगाव-खडकी एकीकडे आणि इशापूर दुसरीकडे. रायफल आणि तिचं काडतूस आता दोन वेगळ्या घरांत नांदतात.

गोळीबाराचा सराव संपतो, तरी शिपायांना लगेच सुट्टी नसते. जितके राउंड दिले तितक्या पुंगळ्या परत मोजून द्यायच्या. एसएलआर पुंगळी उजवीकडे लांब भिरकावते, आणि ऑक्टोबरातलं पिवळं गवतही पितळेच्याच रंगाचं. मग दहा-बारा माणसं ओणवी होऊन गवत चाचपतात. सापडली की कुणीतरी ओरडतं, ‘एक मिळाली!’ बुडावर कारखान्याची अक्षरं असतात, आणि अजून ती हाताला कोमट लागते.