पिकअपच्या इंजिनाचा दिवा आणि त्यामागील संकेतांक

पहाटे दूध संकलन केंद्र, दुपारी बाजार समितीचे आवार आणि सायंकाळी विटा-सिमेंटची फेरी, असा ग्रामीण महाराष्ट्रातील पिकअपचा दिनक्रम असतो. अनेक ग्रामपंचायतींची घंटागाडीही याच वर्गातील वाहनावर उभारलेली असते. असे वाहन एके दिवशी उभ्या जागी थरथरू लागते, वेग दिला की सावरते, थांबले की पुन्हा अडखळते, आणि चालकासमोरील फलकावर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा उजळतो. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला जातो, एक संकेतांक निघतो आणि त्यात ज्या भागाचे नाव दिसते तो भाग बदलला जातो. देयक मंजूर होते. आठवड्याने दिवा पुन्हा लागतो. अशा वेळी गेलेला पैसा आणि बुडालेल्या फेऱ्या यांचे कारण बहुधा एकच असते: संकेतांक हे उत्तर समजले गेले. वस्तुतः तपास कोठून सुरू करावयाचा, एवढेच तो सांगतो.

दिव्याचा उद्देश

हा दिवा चालकाच्या सोयीसाठी जन्मास आलेला नाही. अमेरिकेतील लॉस एंजलिस शहरावर पसरणाऱ्या दूषित धुक्याचा मोटारींच्या धुराशी असलेला संबंध आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास दाखवून दिला. पुढे कॅलिफोर्निया राज्याने १९८८ च्या मॉडेलपासून मोटारींनी आपल्या धूरनियंत्रक भागांवर स्वतःच लक्ष ठेवावे असे बंधन घातले. १९९६ पासून संपूर्ण अमेरिकेत सोळा पिनांचे एकच सॉकेट आणि संकेतांकांची एकच पद्धती रूढ झाली. भारतात ही व्यवस्था भारत स्टेज ४ मानकांबरोबर आली. ती मानके २०१० मध्ये मुंबई, पुणे, सोलापूर यांसह निवडक शहरांत व १ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झाली. १ एप्रिल २०२० पासून त्यांची जागा भारत स्टेज ६ ने घेतली.

म्हणून ज्या बिघाडाने धूर वाढण्याचा संभव आहे, त्याच बिघाडाची दखल हा दिवा प्रामुख्याने घेतो. इंजिन ज्यावर बसविलेले असते ते रबरी फाउंडेशन तुटले तर गाडी हादरते, पण दिवा लागत नाही. उलट धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होऊ लागला तर पी ०४२० हा अंक उमटतो आणि इंजिन मात्र गुळगुळीत चालत राहते. थरथर आणि दिवा ही दोन लक्षणे एकाच रोगाची आहेत, असे गृहीत धरून चालत नाही.

अडखळणे कसे कळते

वाहन उभे असताना इंजिन ज्या किमान गतीने चालते, तिला गॅरेजच्या भाषेत आयडलिंग म्हणतात. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर त्यात मिनिटाला १,६०० वेळा, म्हणजे सेकंदाला सुमारे २७ वेळा इंधन पेटते. प्रत्येक ज्वलनाबरोबर क्रँकशाफ्टला किंचित गती मिळते. त्या शाफ्टवरील दातेरी चकती एका सेन्सरसमोरून फिरते, आणि एक दात जाण्यास लागणारा एक-सव्वा सहस्रांश सेकंदाचा काळही संगणक मोजतो. एखाद्या सिलिंडरची पाळी आली आणि अपेक्षित गती मिळाली नाही, की त्या सिलिंडरच्या नावे ‘मिसिंग’ची नोंद होते. जुने मिस्त्री हेच काम कानाने करीत, आणि पुष्कळदा अचूक करीत.

संकेतांकाची रचना समजून घेणे अवघड नाही. ‘पी’ हे अक्षर इंजिन व गिअर यांचे निदर्शक आहे. त्यानंतरचे शून्य म्हणजे सर्व उत्पादकांना समान असलेला अंक, तर एक म्हणजे उत्पादकाचा स्वतःचा. तिसऱ्या जागी १ किंवा २ असल्यास हवा व इंधन, ३ असल्यास ज्वलन, ४ असल्यास धूरनियंत्रणाची साधने आणि ५ असल्यास वेग व आयडलिंग, असे क्षेत्र कळते. पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग. ते का होते, हे त्या अंकात कोठेही लिहिलेले नाही. प्लग, कॉइल, इंधनाचे नोझल, गळका व्हॉल्व्ह यांपैकी कोणतेही कारण असू शकते.

पेट्रोल व सीएनजी वाहनांत प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असेल, तर बिनखर्चाची एक कसोटी आहे. पहिल्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची पहिल्यावर लावावी. संकेतांक बदलून पी ०३०२ झाला तर दोष कॉइलचा. अंक पहिल्याच सिलिंडरवर राहिला तर कॉइल निर्दोष असून पुढे प्लगकडे वळावे. दहा मिनिटांचे हे काम टाळून चारही कॉइल बदलल्याची देयके पाहावयास मिळतात, हे खेदाने नमूद करावे लागते.

पी ०१७१ हा अंक मिश्रणात इंधन कमी व हवा अधिक असल्याचे सांगतो. तो पाहून ऑक्सिजन सेन्सर बदलण्याची प्रथा आहे. वास्तविक सेन्सरने आपले काम चोख केले म्हणूनच बहुधा तो अंक आलेला असतो. आयडलिंगच्या वेळी इंजिनाच्या हवेच्या नळीतील ओढ सर्वांत जास्त असते. त्यामुळे आत येणारी हवा मोजणारा सेन्सर ज्या वाहनात आहे, तेथे होज पाइपला गेलेली बारीक चीर उभ्या गाडीत त्रास देते आणि वेगात जाणवत नाही. स्कॅनरवर इंधनाची दुरुस्ती आयडलिंगला वाढलेली आणि २,५०० फेऱ्यांना उतरलेली दिसली तर चीर शोधावी. वेगात ती अधिक वाढत असेल तर इंधनाचा फिल्टर व पंप पाहावा. वायरिंगकडेही दृष्टी टाकावी. गोठ्याशेजारी किंवा धान्याच्या कोठाराजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदीर हा दुर्लक्ष करण्याजोगा घटक नव्हे.

डिझेल वाहनात दक्षता

डिझेल पिकअपमध्ये पी ००८७, म्हणजे इंधनाचा दाब कमी, हा अंक आला की महागडा पंप दोषी ठरविला जातो. त्याआधी फिल्टर तुंबला आहे काय, त्यातील पाणी काढले आहे काय, नळीत हवा शिरते काय, हे पाहणे स्वस्त आणि शहाणपणाचे असते. धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने उघडा अडकला, तर आयडलिंगला ताजी हवा कमी पडून गाडी थरथरते. घरोघर थांबणाऱ्या घंटागाडीत हा दोष विशेष संभवतो, कारण तिचे इंजिन पुरेसे तापतच नाही. भारत स्टेज ६ च्या डिझेल वाहनातील काजळीचा फिल्टरही याच कारणाने भरतो. साठलेली काजळी जाळण्यास सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमान लागते, आणि गल्लीतील फेरीत ते मिळत नाही. अशा गाडीची हमरस्त्यावर स्थिर वेगाने फेरी केव्हा करावी, हे उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेले असते. ती फेरी म्हणजे इंधनाची उधळपट्टी, असे मानून तिला हरकत घेणे महागात पडते.

एका जुन्या सवयीबद्दल मात्र स्पष्ट इशारा देणे आवश्यक आहे. पूर्वीच्या इंजिनात चालू गाडीवर नोझलचे पाइप एकेक सैल करून कोणता सिलिंडर बंद आहे हे ओळखीत. कॉमन रेल इंजिनात असे कदापि करू नये. मोटारीच्या टायरमध्ये साधारण दोन बार दाब असतो. या पाइपमध्ये आयडलिंगलाही काहीशे बार आणि भाराखाली हजाराहून अधिक बार असतो. त्यातून निघणारी डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते, प्रारंभी दुखतही नाही, पण बोट किंवा हात गमावण्याची वेळ येऊ शकते. अशी इजा झाल्यास तात्काळ शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे. नोझलची परीक्षा प्रत्येकातून परत येणारे डिझेल सारख्या बाटल्यांत जमा करून व तुलना करून घेता येते. नवीन नोझल बसविल्यास बहुतेक इंजिनांत त्यावर छापलेला अंक संगणकात भरावा लागतो. तो न भरल्याने नव्या नोझलनंतरही थरथर कायम राहिली, असेही घडते.

नोंद आणि देयक

संकेतांक उमटतो त्या क्षणी इंजिनाचे तापमान, फेरे, भार व वेग यांचीही नोंद संगणक साठवितो. अंक पुसला की ही नोंदही जाते. म्हणून पुसण्यापूर्वी तो अंक, सोबतची नोंद आणि त्या दिवशीचे किलोमीटर लॉगबुकात उतरवून घ्यावेत. दुरुस्तीच्या देयकावर कोणता अंक आला, कोणती कसोटी घेतली आणि कोणता भाग सदोष आढळला, या तीन ओळी मागण्याचा अधिकार मंजुरी देणाऱ्यास आहेच. दिवा स्थिर असेल व गाडी ठीक चालत असेल, तर फेरी पूर्ण करून गॅरेज गाठता येते. मात्र पेट्रोल वा सीएनजी गाडीत दिवा लुकलुकत असेल तर न जळलेले इंधन कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जळण्याचा धोका असतो. तेव्हा वेग कमी करून गाडी थांबवावी.

दुरुस्तीनंतर दिवा पुसण्याची घाई करण्याचेही कारण नाही. दोष खरोखर दूर झाला असेल, तर सामान्यतः लागोपाठ तीन निर्दोष फेऱ्यांनंतर दिवा आपोआप मालवतो आणि इंजिन सुमारे ४० वेळा थंड होऊन तापल्यावर जुना अंकही स्मरणातून निघून जातो. बॅटरीची तार काढून मालवलेला दिवा मात्र काहीच सिद्ध करीत नाही. त्यानंतर संगणक आपल्या सर्व तपासण्या नव्याने सुरू करतो, आणि त्या पूर्ण झाल्या किंवा नाहीत हे त्याच स्कॅनरवर वाचता येते.