विवाहाची परिपूर्ती : अंतरपाट व सप्तपदी

महाराष्ट्रातील विवाहसमारंभास जमलेल्या मंडळींना ‘लग्न केव्हा लागले?’ असे विचारल्यास बहुधा एकच उत्तर मिळते : अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या व वाजंत्री वाजू लागली, तेव्हा. मुहूर्त पाहिला जातो तो ह्याच क्षणासाठी. त्यानंतरच्या होम-सप्तपदीस निकटचे आप्त तेवढे उपस्थित असतात. निमंत्रित मंडळी पंगतीकडे वळलेली असतात. धर्मशास्त्राची दृष्टी मात्र निराळी आहे आणि ह्या भेदाचे परिणाम केवळ विद्वच्चर्चेपुरते मर्यादित राहिलेले नाहीत.

आश्वलायन गृह्यसूत्रात पाणिग्रहण, लाजाहोम, अश्मारोहण व सप्तपदी हा विवाहविधीचा गाभा होय. अन्न, बल, धनवृद्धी, सुख, संतती व ऋतू ह्यांसाठी सहा पावले आणि सातवे सख्यासाठी, असा सप्तपदीचा क्रम आहे. सातव्या पावलावर विवाहमंत्रांची पूर्तता होते, असा निर्णय मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात दिलेला आहे. अंतरपाटाचा विधी मूळ सूत्रात नाही. तो त्याच्या परिशिष्टात आढळतो. मंगळसूत्राविषयीही प्राचीन गृह्यसूत्रे मौनच पाळतात.

तथापि एवढ्यावरून लोकाचार गौण ठरत नाही. विवाहप्रकरणाच्या आरंभीच आश्वलायन सांगतो की, जनपदांचे व ग्रामांचे धर्म नानाविध असून ते विवाहात पाळावेत. आपस्तंब तर असे आचार स्त्रियांकडून जाणून घेण्यास सांगतो. म्हणजे सूत्रकारांनी विवाहात लोकाचारास प्रथमपासूनच स्थान दिलेले आहे.

हिंदु विवाह अधिनियम, 1955 ह्याच्या सातव्या कलमातही ही दुहेरी रचना दिसते. वर किंवा वधू ह्यांपैकी कोणाच्याही रूढ विधींप्रमाणे विवाह करता येतो. त्या विधींत सप्तपदी अंतर्भूत असल्यास सातवे पाऊल पडताच तो पूर्ण व बंधनकारक होतो. परंतु सप्तपदी वगळणारा आचार खरोखर ‘रूढ’ आहे, हे सिद्ध कसे करावयाचे?

महाराष्ट्रातून सर्वोच्च न्यायालयापुढे गेलेल्या एका खटल्यात 1965 साली हाच प्रश्न निर्णायक ठरला. पहिली पत्नी हयात असता पतीने ‘गांधर्व’ पद्धतीने दुसरे लग्न लावले होते. हार घातले गेले, कपाळास कपाळ लावले गेले. परंतु होम व सप्तपदी झाली नव्हती. रूढीने हे विधी लोप पावले आहेत, असे सिद्ध न झाल्यामुळे दुसरा विवाह कायद्याच्या दृष्टीने घडलाच नाही, असे ठरले आणि द्विभार्या-प्रतिबंधाखालील शिक्षा रद्द झाली. विधीची उणीव पतीच्या पथ्यावर पडली. पहिल्या पत्नीची फिर्याद निष्फळ ठरली आणि दुसरीस पत्नीपद लाभले नाही.

1873 मध्ये सत्यशोधक समाजाने पुरोहितावाचून व परस्परांच्या प्रतिज्ञांनी विवाह लावण्यास आरंभ केला, तेव्हा विधींचा अर्थ वधूवरांना कळावा हा आग्रह त्यामागे होता. 2024 साली सर्वोच्च न्यायालयाने, केवळ नोंदणीचा दाखला हा विधींची जागा घेऊ शकत नाही, असे पुन्हा स्पष्ट केले.

सारांश, लोकांच्या दृष्टीने अक्षतांबरोबर लागणारे लग्न न्यायालयात साक्षीदारांच्या स्मरणावर उभे राहते, आणि ते साक्षीदार बहुधा सातव्या पावलापूर्वीच उठून गेलेले असतात. म्हणूनच विवाहविधींच्या क्षेत्रीय अभ्यासात कोणत्या समाजात कोणता क्षण निर्णायक मानला जातो, ह्याची काटेकोर नोंद अगत्याची ठरते.