रेल एकच, झिरो वेगळा

‘स्टँडर्ड पार्ट’ हा शब्द आपण फर्स्ट इयरपासून ऐकतो. एम-१० चा बोल्ट लातूरला घ्या नाहीतर परळीला, नट बसणारच. मग एका रायफलवरची दुर्बीण (फौजी भाषेत स्कोप) काढून दुसरीवर लावली तर? दोन्हींची रेल स्टँडर्ड आहे, म्हणजे स्कोप बसणार. बसतेच. पण गोळी त्या स्कोपमधल्या क्रॉसवर लागेल याची गॅरंटी नाही. मेट्रॉलॉजीचं अख्खं युनिट वाचून जे डोक्यात शिरलं नव्हतं ते मला इथे समजलं. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं, तेव्हा मराठी सांभाळून घ्या!)

रेल म्हणजे रायफलच्या पाठीवरची खाचा पाडलेली पट्टी. पूर्वी ज्याची त्याची पद्धत वेगळी होती. वीव्हर नावाची रेल होती, पण तिच्या दोन खाचांमधलं अंतर ठरलेलं नव्हतं. अमेरिकेत न्यू जर्सीच्या पिकॅटिनी आर्सेनलमध्ये हे काम झालं आणि ३ फेब्रुवारी १९९५ ला मिल-स्टँडर्ड १९१३ आलं. रेलची रुंदी २१.२ मि.मी., खाच ५.२३ मि.मी., एका खाचेच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत १०.०१ मि.मी. २००९ मध्ये नाटोने यावरूनच आपलं स्टँडर्ड काढलं. आपल्याकडे पुण्याच्या पाषाणला ए.आर.डी.ई. ने बनवलेल्या सुरुवातीच्या इन्सासवर ही रेल नव्हती. २०१९ मध्ये सैन्यदलांसाठी ७२,४०० सिग-७१६ रायफलींचा करार झाला, त्यांच्यावर मात्र ती आहे.

आता मुद्द्याचं. स्टँडर्ड कशाचं आहे? रेलच्या आकाराचं. रेल आणि नळी यांच्यातल्या कोनाचं नाही! तो कोन प्रत्येक रायफलचा थोडा वेगळा असतो, कारण मशिनिंग, नळी बसवणं, सगळ्यालाच टॉलरन्स आहे.

हिशेब करून बघा. माउंटची लांबी १०० मि.मी. धरा आणि एका टोकाला फक्त ०.१ मि.मी. चा फरक. म्हणजे हजारात एक. १०० मीटरवर गोळी १० सें.मी. सरकली, ३०० मीटरवर ३० सें.मी. हा ०.१ मि.मी. म्हणजे आपल्या जर्नलचं एक पान! शिवाय एकाच मॉडेलच्या दोन नळ्याही गोळी अगदी सारख्या जागी टाकत नाहीत.

एन.सी.सी. वाल्यांना हे पटकन पटेल. कॅम्पला पॉइंट २२ रायफलने आधी ग्रुपिंग करून घेतात. पाच गोळ्या एका जागी जवळजवळ पडल्या की फायरर ठीक, मग तो ग्रुप कोपऱ्यात का असेना. ग्रुप मध्यावर आणणं म्हणजे झिरो करणं. रेल ग्रुप बिघडू देत नाही, पण झिरो काही देत नाही.

शेतकऱ्यांच्या घरच्यांसाठी: ट्रॅक्टरचं थ्री पॉइंट लिंकेज आठवा. शेजाऱ्याचा नांगर आपल्या ट्रॅक्टरला पिना घालून जोडता येतो. पण टॉप लिंक फिरवून सेट केल्याशिवाय कोणी तास धरतं का? नांगर एक तर वरच्यावर खरवडतो नाहीतर जमिनीत घुसतो. स्कोपची टॉप लिंक म्हणजे तिच्यावरच्या दोन घुंड्या, एक वर-खाली, एक डावी-उजवी. बऱ्याच स्कोपमध्ये एका क्लिकला १०० मीटरवर साधारण ७ मि.मी. फरक पडतो. म्हणजे वरचे १० सें.मी. भरून काढायला चौदाएक क्लिक.

त्याच रायफलवर स्कोप काढून परत लावली तर झिरो बऱ्यापैकी परत येतो, पण खाच तीच हवी आणि स्क्रू तेवढेच आवळलेले हवेत, टॉर्क रेंचने. आणखी एक बारकावा आहे. माउंटचा आडवा बोल्ट खाचेत थोडा सैल असतो. स्क्रू आवळण्याआधी माउंट नळीच्या तोंडाकडे ढकलून ठेवायचा. का? एस.टी. झटक्यात सुटली की उभे प्रवासी मागे जातात ना, तसंच. गोळी सुटताना रायफल मागे येते आणि स्कोप जागेवरच राहायला बघते, म्हणजे रायफलच्या मानाने पुढे. आधीच पुढे टेकवलेली असेल तर सरकायला जागाच नाही.

स्वप्निल कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफलचं ब्राँझ जिंकलं तेव्हा हॉस्टेलवर बऱ्याच जणांना वाटलं होतं की त्याच्या रायफलवर दुर्बीण आहे. नाही हो! त्या प्रकारात भिंगाची दुर्बीण चालतच नाही, बारीक भोकाची साइट असते. झिरो मात्र तिलाही करावा लागतो.

आपल्या बीडमधून दरवर्षी कितीतरी पोरं भरतीला पळतात. उद्या त्यांच्यातल्या कोणाची रायफल बिघडली आणि स्कोप दुसरीवर चढवली, तर ३०० मीटरवरचे ते ३० सें.मी. कागदावरचे राहणार नाहीत. झिरो करायला वेळ असेल तर प्रश्न नाही. नसेल तर एकच उपाय, आधीच रेंजवर दोन्ही रायफलींवर ती स्कोप लावून बघायची आणि वहीत लिहून ठेवायचं: या रायफलवरून त्या रायफलवर जाताना इतके क्लिक वर, इतके डावीकडे, खाच नंबर अमुक.