खुराड्यातली घरघर हलक्यात घेऊ नका



रात्री खुराड्याचं दार लावताना आपण कोंबड्या मोजतो, पण त्यांचा आवाज ऐकतो का? सगळ्या बसल्या, गलका थांबला की दोन मिनिटं गप्प उभ्या राहा. घरघर किंवा शिंक ऐकू आली, एखादी चोच उघडी टाकून श्वास घेत असली, तर सकाळची वाट बघू नका.

हे आम्ही नुकसान सोसून शिकलो. दोन वर्षांमागे दिवाळीनंतर आमच्या गटातल्या एका ताईंनी कर्ज घेऊन आठवडी बाजारातून तलंगा आणल्या आणि त्याच संध्याकाळी घरच्या कोंबड्यांबरोबर कोंडल्या. आठवड्याच्या आत घरघर सुरू झाली. आम्हीच म्हणालो, "थंडी बाधली असेल, हळद-लसूण द्या." मग दुकानातून पाण्यात घालायची पूड आणली. तोवर शेजारच्या दोघींनी सुस्तावलेल्या कोंबड्या 'मरण्याआधी दोन पैसे तरी येतील' म्हणून बाजारात विकल्या. पंधरा दिवसांत सहा घरांची खुराडी रिकामी झाली. डॉक्टरांनी सांगितलं, ही मानमोडी, म्हणजे राणीखेत. या रोगावर औषध नाही. लस होती, ती आम्ही दिली नव्हती. कर्जाचे हप्ते ताईंनी मजुरी करून फेडले.

घरघर एकच असली तरी कारणं वेगवेगळी असतात. मानमोडीत श्वासाच्या त्रासाबरोबर हिरवट पातळ हगवण होते, मान वाकडी होते, पाय-पंख लुळे पडतात आणि मर झपाट्याने लागते. नाकातून घाण वासाचा चिकट स्राव आणि डोळ्यांखाली सूज असेल, तर तो बहुधा कोरायझा. तो जंतूंचा आजार आहे, डॉक्टरांच्या औषधाने आटोक्यात येतो. कोंबडी खाते-पिते, पण दिवसेंदिवस घरघरते, डोळ्यांत फेस येतो, वजन उतरतं, तो जुनाट श्वसनरोग. औषधाने आराम पडतो, पण बरी दिसणारी कोंबडीही इतरांना रोग देऊ शकते.

कधी दोष खुराड्याचाच असतो. सकाळी दार उघडून कोंबडीच्या उंचीवर वाका. आपल्या नाकाला झोंबलं, डोळ्यांत पाणी आलं, तर कोंबड्यांनी रात्रभर तेच सोसलंय. ओलं तूस काढा, कोरडं घाला, वरच्या बाजूला हवा खेळायला फट ठेवा. बुरशी लागलेलं तूस किंवा दाणे तर कधीच वापरू नका. त्यानेही पिल्लांची छाती धरते.

आजारी कोंबडी दिसली की काय करायचं? तिला लगेच लांब, आडोशाला डालग्याखाली ठेवा. चारा-पाणी आधी निरोग्यांना, मग आजारीला. नंतर हात साबणाने धुवा. तिची भांडी वेगळी ठेवा. हाताळताना तोंडाला पदर बांधा. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. किती दिवसांपासून, किती कोंबड्या, विष्ठेचा रंग कसा, हे सांगता आलं पाहिजे. अंदाजाने औषध देऊ नका. डॉक्टरांनी दिलं, तर अंडी किती दिवस खायची नाहीत तेही विचारा.

आजारी कोंबडी बाजारात नेऊ नका, पाहुण्यांना देऊ नका. मेलेली ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नका. खोल खड्ड्यात चुना घालून पुरा, नाहीतर कुत्री रोग वाडीभर नेतात. एकाएकी पुष्कळ कोंबड्या मेल्या, तुरे निळे पडले, तर हातही न लावता ताबडतोब कळवा. तो बर्ड फ्लू असू शकतो. 2006 साली आपल्या देशात तो पहिल्यांदा आढळला, तो नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला.

आता लसीचं. पिल्लू पाच ते सात दिवसांचं झालं की लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात. आठव्या आठवड्यात आर-टू-बी लसीचं इंजेक्शन. पुढचे डोस डॉक्टरांना विचारून. लस निरोगी कोंबडीलाच द्यायची. अडचण अशी, की लसीची कुपी बहुधा शंभर पक्ष्यांची असते, ती बर्फात आणावी लागते आणि कालवली की तासा-दोन तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांसाठी एकटी बाई हे कुठून करणार? म्हणून आता गटाच्या वहीत बचतीच्या आकड्याखाली आम्ही कोंबड्या आणि पिल्लांचाही आकडा लिहितो. महिन्याचा एक दिवस लसीचा ठरवलाय. एकजण थर्मासमध्ये बर्फ घालून लस आणते, खर्च डोक्यावर नाही, कोंबड्यांवर वाटतो.

आणि नवी कोंबडी आणली, तर निदान तीन आठवडे वेगळी. त्या ताईंनी गेल्या वर्षी पुन्हा तलंगा घेतल्या. यावेळी त्या आधी परसात डालग्याखाली राहिल्या, मग खुराड्यात गेल्या.

तर मैत्रिणींनो, आज रात्री दार लावण्याआधी दोन मिनिटं कान द्या. आणि येत्या बैठकीला येताना आपल्या कोंबड्या मोजून या.